विहिरीत शिकलेले रंगनाथतात्या

रंगनाथतात्यांना सरळ पोहता येत नाही. पोहता येतं, दम तर आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त आहे. पण पोहण्याच्या तलावाच्या एका टोकाला त्यांना पाण्यात सोडलं की ते दुसऱ्या टोकाला पोचतीलच याची खात्री नाही. दहाबारा हात मारून झाले की ते हळूहळू उजवीकडे वळायला लागतात. शेजारून पोहणाऱ्याच्या पाठीवर चढतात, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या" म्हणून त्याचीच समजूत काढतात आणि वळत वळत जिथून निघाले होते तिथेच परत येतात. बाहेर आल्यावर चेहऱ्यावर लांबचा प्रवास करून आल्याचं समाधान असतं.

पहिल्या दिवशी हा प्रकार पाहून आम्हाला शिकवणाऱ्या शिंदे मॅडमनी विचारलं, "काका, तुम्हाला एका डोळ्याने कमी दिसतं का?"

"न्हाई बाई. आमची हिर गोल हाय ना."

हिर म्हणजे विहीर. तात्या बेलापूरच्या पुढे मळ्यात राहतात आणि तिथल्या स्वतःच्या विहिरीत ते एकटेच, कुणीही न शिकवता, पोहायला शिकले. गोल विहिरीत सरळ जायचं म्हटलं तर दहा हातांत कपाळ दगडावर आपटतं. म्हणून काठाकाठाने गोल फिरायचं. तेसुद्धा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, कारण मारुतीला प्रदक्षिणा तशीच घालतात. "उलटं फिरल्यालं बरं नसतं," असं त्यांनी मॅडमना समजावून सांगितलं. मॅडमनी पतियाळ्याला जाऊन पोहणं शिकवण्याचा रीतसर कोर्स केला आहे. त्या कोर्सात हा मुद्दा नव्हता.

आता यात मी कुठून आलो तेही सांगतो. तीस वर्षं मी हायस्कुलात भूगोल शिकवला. पॅसिफिक महासागराची खोली मला तोंडपाठ होती, पण स्वतः मी कमरेच्या वर पाण्यात कधी गेलो नव्हतो. निवृत्त झालो, साखर वाढली, डॉक्टर म्हणाले पोहा. मग तालुक्याच्या गावातल्या तलावावर मॅडमकडे शिकलो आणि वर्षभरात स्वतःला बरा पोहणारा समजायला लागलो. माझ्याबरोबर सलीमभाई होते, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि जनावरांचे डॉक्टर गायकवाड होते. नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, पण तोंडात जुनंच येतं, पंचावन्नच्या पुढच्या लोकांची पोहण्याची जिल्हा स्पर्धा होणार असं कळल्यावर मॅडमनी आमचा संघ करायचं ठरवलं. चौघांनी एकापाठोपाठ एक पन्नास मीटर, म्हणजे त्या टोकाला जाऊन परत, पोहायचं; एकाने भिंतीला हात लावला की पुढच्याने उडी मारायची. आम्ही होतो तीन. चौथा हवा म्हणून मॅडमनी फळ्यावर लिहिलं आणि तो फळा वाचून तात्या आले.

तात्यांचं वय साठ. पोहायला शिकले अठ्ठावन्नाव्या वर्षी. ज्या गावात पोरं सहाव्या वर्षी पाठीला डबा बांधून विहिरीत पडतात, तिथे हे एकटे कोरडे राहिले, कारण लहानपणी एका ज्योतिषाने त्यांच्या आईला सांगितलं होतं की पोराला पाण्याचा घात आहे. आईने त्यांना विहिरीत कधी उतरू दिलं नाही. "बाकीची पोरं पवायची, मी वर बसून सगळ्यांच्या चड्ड्या सांबाळायचो," ते सांगतात. आई जाऊन वीस वर्षं झाल्यावर एक दिवस त्यांना वाटलं की आता घाताची मुदत संपली असेल.

शिकण्याची सुरुवात बाजेवर झाली. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा आणि बाजेवर पालथं पडून हातपाय मारायचे. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वस्तीवरची बाई कोथिंबीर मागायला आली. तिने हे पाहिलं, फिट आली असं समजून घरातून कांदा आणला, बुक्कीने फोडला आणि तात्यांच्या नाकाला लावला. तात्यांनी मुकाट्याने वास घेतला. पोहतोय म्हणून सांगणं त्यांना जास्त अवघड वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात ते पाठीला तेलाचे दोन रिकामे कॅन बांधून विहिरीत उतरले. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक मोटारीच्या लोखंडी अँगलला.

"वर कोण होतं?" मी घाबरून विचारलं.

"कुत्रं हुतं की."

"कुत्रं काय करणार होतं?"

"भुंकलं आस्तं. त्याला काय लागतंय?"

त्याला काय लागतंय, हे त्यांचं उत्तर सगळ्याला. बारा किलोमीटरवरून पहाटेच्या थंडीत मोटारसायकलवर येता, त्रास होत नाही? त्याला काय लागतंय. घरी स्वयंपाक कोण करतं? मीच, त्याला काय लागतंय. त्यांच्या घरच्या, सुमनवहिनी, दोन वर्षांपासून पुण्याला मुलाकडे आहेत. सून नोकरीला, नात लहान. "ती तिकडं ड्युटीवर हाय, आपल्याला हितं मोकळं रान," असं ते डोळे मिचकावून सांगायचे आणि आम्हाला त्यांचा थोडा हेवा वाटायचा.

तलावावरचा त्यांचा पहिला आठवडा मी विसरणार नाही. काठावर आले, गांधी टोपी काढून घडी करून पिशवीत ठेवली, पाण्याला हात जोडले आणि खिशातून एक खडा काढून पाण्यात टाकला.

"कोण दगड मारतंय तलावात?" मॅडम ओरडल्या.

"मारला न्हाई बाई, टाकला. विरोळा बसला आसंल तर जाईल निघून."

विरोळा म्हणजे पाण्यातला साप. मॅडमनी त्यांना सांगितलं की या पाण्यात क्लोरीन आहे, इथे साप राहत नाही. तात्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी खडा टाकला, पण जरा लहान.

मग टोपीवरून झालं. रबरी टोपी घातल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही असा नियम, कारण केस पाण्यात गळतात. तात्यांच्या डोक्यावर गळण्यासारखं काही नाही. "बाई, हातात घिऊन बघा, एक केस निगाला तर सांगा," असं म्हणून ते डोकं पुढे करून उभे राहिले. शेवटी घातली टोपी. पोहण्याचा चष्मा घातला. पहिल्यांदाच पाण्याखाली डोळे उघडले आणि साडेतीन फूट पाण्यात दचकून उभे राहिले.

"बाई, तळ दिसतोय!"

विहिरीचा तळ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तो दिसतो म्हणजे पाणी आटलं, अशी त्यांची समजूत. तेव्हापासून ते डोकं वर काढूनच पोहतात. मान ताठ, नजर समोर, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करत.

उडी त्यांना एकच येते, मुटका. गुडघे पोटाशी घ्यायचे आणि धाडकन पाण्यात. मॅडमनी महिनाभर सूर मारायला शिकवला. तात्या हात जोडून, वाकून, अगदी चित्रातल्यासारखे उभे राहायचे आणि ऐन वेळी गुडघे पोटाशी जायचे. काठावरचे आमचे टॉवेल रोज भिजायचे. डॉक्टर गायकवाड तोंडाचे फटकळ. ते म्हणायचे, "तात्या, आमची म्हैससुद्धा पाण्यात बसताना आजूबाजूला बघते." त्यावर तात्या खूश.

पण मुख्य प्रश्न सरळ जाण्याचा होता. मॅडमनी पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगितलं होतं, "नगरला तीनच संघ येणार आहेत. पहिले दोन विभागीय स्पर्धेला जाणार. कुणी वेगाने पोहू नका, फक्त आपापल्या लेनमधून जा आणि परत या. लेन सोडली की संघ बाद." हे सांगताना त्या फक्त तात्यांकडे बघत होत्या.

तात्यांनी विचारलं, "आन विभागाला गेलो तर अजून किती दिस प्रॅक्टिस?"

"तीन महिने तरी."

त्या दिवसापासून तात्या विभागाच्या मागे लागले. दुखणं हातात आहे असं त्यांनी स्वतःच शोधून काढलं. "डावा बैल जोरात चालतोय, उजवा चुकार हाय," म्हणाले आणि उजव्या हाताने रोज बादल्या उचलायला लागले. सरळ चालण्याची सवय व्हावी म्हणून उसाच्या सरीतून डोळे मिटून चालायचे. रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यावरून गाडी चालवायचे; समोरून टेम्पो येऊन हॉर्न वाजवायचा तेव्हा बाजूला व्हायचे. विहिरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत त्यांनी सुंभाची दोरी ताणली आणि तिच्या कडेने पोहायचा प्रयत्न केला, पण विहीर चाळीस फुटी, रंगात येईपर्यंत संपायची.

आम्ही आपसात हसायचो. सलीमभाई म्हणायचे, "तात्यांना पेपरात फोटो पाहिजे. हार घालून." मीही म्हणालो असेन. म्हणालोच होतो. मेडल ठेवायला शोकेस करून घ्या, काच मी देतो, असंही मी म्हणालो होतो.

त्यांचा आणखी एक छंद म्हणजे आमची हजेरी. सहाला तलाव उघडतो, तात्या पावणेसहाला फाटकाशी. येताना भाजलेल्या शेंगा, कधी पेरू. आम्ही एकेक आलो की मोजायचे आणि एखादा आला नाही तर त्यांना चैन पडत नसे. "आज सलीमभाईचा खाडा," असं चार वेळा म्हणायचे. पोहणं झाल्यावर फाटकासमोरच्या टपरीवर चहा. आम्हाला घाई असायची, मला भाजी न्यायची, डॉक्टरांना कुणाची तरी गाय अडलेली. तात्या मात्र कप रिकामा झाल्यावरही तो हातात धरून बसायचे. एकदा मला खोकला झाला, दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या दारात. "दोन खाडे झाले गुरुजी," म्हणाले आणि अडुळशाची जुडी माझ्या बायकोच्या हातात दिली. मी वैतागलो होतो. शाळेत तीस वर्षं मी हजेरी घेतली, आता कुणी माझी घ्यावी हे काही मला आवडलं नाही.

स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस मॅडमनी कुठून तरी लेनची दोरी पैदा केली आणि तात्यांच्या उजव्या बाजूला बांधली. युक्ती लागू पडली. तात्या दोरीला खांदा घासत घासत का होईना, पण समोरच्या भिंतीपर्यंत जायला लागले. खांदा सोलून निघाला, त्याला हळद लावून यायचे. फक्त भिंतीशी पोचल्यावर ते दोरीखालून पलीकडे जायला बघायचे, गोल फिरायची सवयच ती. त्यासाठी मॅडम स्वतः त्या टोकाला उभ्या राहायच्या आणि तात्या भिंतीजवळ आले की ओरडायच्या, "तात्या, डावीकडे! डावीकडे फिराऽऽ!" आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जायचा. तात्या डावीकडे फिरायचे, उजवीकडच्या काठाला धरून सरळ परत यायचे आणि हसत विचारायचे, "आज कमी वरडल्या का बाई?"

आम्ही सलीमभाईंच्या गाडीतून नगरला गेलो. तलाव मोठा, पाणी निळं, काठावर आलेल्यांच्या सुना आणि नातवंडं. नगरचा संघ पाहूनच कळलं की पहिला नंबर ठरलेला आहे. दुसऱ्या जागेसाठी आम्ही आणि शेवगावकडचा एक संघ. तो संघ आमच्याहून म्हातारा होता. मॅडमच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा थोडी आशा दिसली. तेवढ्यात पंच आले आणि म्हणाले, शिकवणाऱ्यांनी सगळ्यांनी इकडे सुरुवातीच्या बाजूला, खुर्च्यांवर बसायचं. पलीकडच्या टोकाला फक्त पंच.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी तात्यांकडे बघितलं. तात्या पाण्याला हात जोडत होते.

डॉक्टर पहिले गेले, सलीमभाई दुसरे. दोघेही बरे पोहले. सलीमभाईंनी भिंतीला हात लावला आणि तात्यांनी मुटका मारला. पहिल्या रांगेतले दोन पंच भिजले. पण नंतर तात्या काय गेले! मान वर, खांदा दोरीला, सपासप. शेवगावचा माणूस उजवीकडच्या लेनमध्ये होता, त्याला त्यांनी मागे टाकलं. मी चौथा, उडी मारायला ओट्यावर उभा होतो आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. तात्या भिंतीशी पोचले. इकडून मॅडम खुर्चीवर उभ्या राहून ओरडल्या, पण एवढ्या गलक्यात ते तिकडे ऐकू जाणार कसं? तात्यांनी भिंतीला हात लावला, क्षणभर थांबले, कुणी काही सांगतंय का बघितलं आणि मग उजवीकडे, दोरीखालून, पलीकडच्या लेनमध्ये गेले.

आणि तिथून ते परत निघाले ते एकदम सरळ. आयुष्यात इतके सरळ ते कधी पोहले नव्हते. समोरून शेवगावचे गृहस्थ येत होते; त्यांनी आपल्याच लेनमध्ये समोरून माणूस येताना पाहिला आणि ते दोरी धरून उभे राहिले. तात्या त्यांना "जरा सरा" म्हणाले आणि पुढे आले. शेवगावच्या चौथ्या माणसाला कुणीतरी बजावून ठेवलं असावं की हात लागला की उडी मार, बाकी काही बघू नको. तात्यांचा हात भिंतीला लागला. त्याने उडी मारली. मी आमच्या ओट्यावर तसाच उभा राहिलो, हात जोडून, कमरेत वाकून.

दोन्ही संघ बाद झाले. शेवगावचे लोक खूप बोलले. तात्यांनी त्या चौघांच्याही हातात शेंगा दिल्या, पण उपयोग झाला नाही.

परत येताना गाडीत, राहुरीच्या अलीकडे, मी तोंड उघडलं आणि जे बोलायला नको होतं ते बोललो. "तात्या, चार महिन्यांची मेहनत तुम्ही मातीत घातलीत. एक वळण. तेवढं एक वळण लक्षात राहिलं नाही?" तात्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्याला काय लागतंय, असं ते म्हणाले नाहीत.

त्यांची मोटारसायकल माझ्या घराशी लावलेली होती. सलीमभाईंनी आम्हा दोघांना तिथे सोडलं तेव्हा दिवस मावळत आला होता. मी "बरंय" म्हणून फाटक उघडलं. तात्या गाडीवर बसले, पण गाडी सुरू करेनात.

"गुरुजी," ते म्हणाले, "मेडलचं काय न्हाई वो. तीन म्हैने गेले."

"कसले तीन महिने?"

"बाई म्हनल्या हुत्या ना, विभागाला गेलो तर अजून तीन म्हैने प्रॅक्टिस." ते हँडलवरची धूळ बोटाने पुसत होते. "ती पुन्याला गेल्यापास्नं घरात आवाजच न्हाई. टीव्ही लावतो, पन त्यो काय माज्यासंगं बोलत न्हाई. फोन करतो तर ती नातीच्या मागं पळत आसती, तिची चूक न्हाई. हितं आलो की बाई वरडायच्या, डॉक्टर शिव्या द्यायचा, तुमी टोमणे मारायचा. दिवसभर तेच आठवून हसायला यायचं. आता उद्यापास्नं कोन वरडनार?"

मला माझी लाज वाटली. चार महिने आम्ही या माणसाची टिंगल केली आणि तो बारा किलोमीटरवरून तीच ऐकायला येत होता. काहीतरी चांगलं बोलावं असं फार वाटलं, पण मला चांगलं बोलायची सवय नाही. मी मास्तर माणूस, मला ओरडता येतं.

"तात्या!" मी ओरडलो. शाळा सुटून सहा वर्षं झाली, पण आवाज तोच निघाला. "अक्कल आहे का तुम्हाला? स्पर्धा संपली म्हणून तलाव बंद झाला का? उद्या सहाला तिथे दिसला नाहीत तर मळ्यात येऊन ओढत नेईन! आणि ही गाडी काय अशी ठेवतात? हेडलाइट फुटलाय, आरसा नाही, अंधारात बारा किलोमीटर जाणार कसे? साठ वर्षांचे झालात, कधी कळणार?"

समोरच्या घरातली माणसं ओट्यावर आली. माझी बायको पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "अहो, कुणावर ओरडताय एवढं? सगळी गल्ली ऐकतेय." मग तिने तात्यांना पाहिलं. "बाई गं, भाऊजी होय? भांडून झालं असेल तर दोघंही आत या. भाकरी तव्यावर आहे."

तात्यांनी किकवरचा पाय काढला. गाडी पुन्हा स्टँडला लावली, गांधी टोपी नीट केली आणि माझ्या मागून आत आले. दाराशी वाकून चपला काढताना ते माझ्या कानाशी लागले.

"वरडा वो गुरुजी," हळूच म्हणाले. "अजून थोडं वरडा."